माझ्या डोक्यावर चालणारं गाव

...नाही, मला एक सांगा, माणसानं दगा दिला तर मी समजू शकते. नवऱ्यानं दिला, चालायचंच. नणंदेनं दिला, तिच्याकडून तर मी वाटच बघत असते. पण गोळीनं? एवढीशी पांढरी गोळी, जिला मी पर्समध्ये ठेवली, उशाशी ठेवली, ट्रकच्या खणात ठेवली, चर्चला जाताना हातमोज्यात धरून नेली, तिनं माझा केसानं गळा कापावा? जिच्यावर मी गेरिटपेक्षा जास्त विश्वास टाकला... गेरिट म्हणजे माझा नवरा, तो काय, मागच्या खुर्चीत बसलाय. ऐकू दे. त्याचंही येतंय पुढे.

तुम्हाला सांगते, आमच्या गावात कुणाचंही डोकं दुखलं की कारण एकच, शिनूक. वारा हो. भर जानेवारीत पापण्या गोठवणारी थंडी पडलेली असते, आणि हा डोंगरावरून उतरतो तो ऊन ऊन, की दुपारच्या आत छपरं गळायला लागतात, माणसं अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून रस्त्यावर येतात, कुत्रीसुद्धा हसतात... आणि मी? मी अंधाऱ्या खोलीत, कपाळावर ओला टॉवेल, शेजारी बादली. पश्चिमेला ढगांची कमान उभी राहिली की आमच्याकडे दोन गोष्टी होतात, बर्फ वितळतं आणि व्हर्ना हॉफ्स्ट्रा आडवी होते. शिनूकनं डोकं दुखतं हे इथं पाळण्यातल्या पोरालाही माहीत आहे. आणि डोकंच कशाला, बैल बिथरला, शिनूक. पाव फुगला नाही, शिनूक. लॉइड पीटरसनची बायको घर सोडून गेली, तर तो अजून सांगतो, "वारा सुटला होता ना त्या दिवशी." वारा दर हिवाळ्यात परत येतो, ती काही आली नाही.

तर माझं डोकं वाऱ्याच्या आधी दुखायचं. आदल्या संध्याकाळी! म्हणजे रेडिओवाला सांगायच्या आधी माझी कानशिलं सांगायची. झालं, गावाला कळलं. को-ऑप म्हणजे गावचं सहकारी दुकान, त्याच्या हॉटेलात सकाळी म्हाताऱ्यांचा कॉफीचा अड्डा भरतो, मी पाव घ्यायला आत गेले रे गेले की सगळ्या टोप्या माझ्याकडे वळायच्या. "व्हर्ना, डोकं कसं आहे?" मला किती बरं वाटायचं म्हणून सांगू... माणसं किती मायाळू, आपल्या दुखण्याची किती काळजी. मी म्हणायची, "ठणकतंय हो जरा." की लगेच लॉइड उठायचा, टोपी चढवायचा. मला वाटायचं, औषध आणायला चालला माझ्यासाठी. तो चाललेला असायचा आपलं मासेमारीचं खोपटं, वाऱ्यानं बर्फ वितळायच्या आत, गोठलेल्या तळ्यावरून ओढून काढायला. डोकं माझं, पण मला विचारतो कोण.

पुढे पुढे विचारायचंही बंद झालं. का? पडदा. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर, समोर पोस्ट, पोस्टात डार्लीन. आणि डार्लीनचं काम टपाल वाटायचं नसून माझी खिडकी बघायचं आहे हे मला किती वर्षं माहीत नव्हतं. डोकं धरलं की उजेड सोसत नाही, मी पडदा खाली ओढायची. पडदा पूर्ण खाली, आज वारा. अर्धा खाली, एकदोन दिवसांत वारा. वर, खुशाल बर्फावर जा. हे सगळं तिनं ठरवलं आणि तिकिटाबरोबर प्रत्येकाला सांगितलं. मला कळलं कधी, तर एकदा नणंद विल्मा रस्त्यानं येताना दिसली म्हणून मी घाईनं पडदा पाडला आणि टेबलाखाली बसले. दुसऱ्या दिवशी लॉइड दारात, लाल झालेला. "डोकं दुखत नव्हतं तर पडदा पाडलास कशाला? खोपटं ओढून ओढून पाठ गेली माझी." माफी मी मागितली, बघा.

आणि खोटं कशाला बोलू, मनातून मला आवडायचं. गावात कुणाची गाय जत्रेत पहिली येते, कुणाचा मुलगा हॉकीत चमकतो, आमच्याकडे यातलं काही नाही. आमच्याकडे माझं डोकं. फेब्रुवारीत लॉइडच्या तळ्यावर कर्लिंगची स्पर्धा असते, वजनदार गुळगुळीत दगड बर्फावरून सरकवायचा आणि त्याच्यापुढे दोघांनी जिवाच्या आकांतानं झाडू मारत पळायचं, घरी झाडू हातात न धरणारे पुरुष हो सगळे. तर ती स्पर्धा माझ्या पडद्यावर ठरायची. पडदा खाली, पुढे ढकला. वर गेला, चला. भाषणात दरवर्षी लॉइड म्हणायचा, "आणि सरतेशेवटी व्हर्नाच्या डोक्याचे आभार." टाळ्या पडायच्या. मी उभी राहून मान लववायची, लववली की ठणकायची.

पण मग डोकं फारच मनावर घ्यायला लागलं. वारा असो नसो, सकाळी उठले की दुखणं उशीवर माझ्या आधी जागं. एप्रिलमध्ये दुखलं, मेमध्ये दुखलं. जुलैत दुखलं! जुलैत कुठला शिनूक? तर अड्ड्यावर काय ठरलं, "लांबून निघाला असेल." विल्मा कोबीची पानं घेऊन आली, कपाळाला बांध म्हणाली. बांधली. डोकं दुखायचं ते दुखलंच, वर दिवसभर मला सूपाचा वास. विल्मा म्हणते, "अगं, तू फार मनाला लावून घेतेस. माझं बघ, माझं डोकं आयुष्यात दुखलं नाही." मी म्हटलं, हो, ते दुखायला... जाऊ दे. मी गोळी घेतली. गोळी घेतली की तासाभरात उतरायचं, संध्याकाळी परत. परत गोळी. आणि कमान दिसली की आधीच एक, दुखायच्या आत, म्हणजे त्याला घरात पाऊलच टाकू द्यायचं नाही. किती हुशार मी, नाही?

शेवटी दवाखान्यात गेले. आमच्याकडे डॉक्टर येतात-जातात, खरा दवाखाना चालवते ती मारिसेल, फिलिपिन्सची नर्स, हाताला मऊ आणि जिभेला तिखट. म्हणाली, "दुखतं कसं ते सांगा." मी म्हटलं, "कसं म्हणजे? ठणकतं, भणभणतं, जड होतं, धरतं, फुटतं." "अहो, सगळं एकाच वेळी?" "जसा वार असेल तसं." "बरं, मग हातानं दाखवा." हातानं! मी दोन्ही तळवे डोक्याभोवती ठेवले, टोपी घट्ट बसल्यासारखे. ती म्हणाली, "ही ताणाची डोकेदुखी. मान-खांदे आखडतात, झोप कमी, जेवण चुकवलेलं. गरम टॉवेल, जरा चालणं, आणि जो माणूस भेटला की होतं त्याच्याकडे जरा कमी जाणं." मी म्हटलं, विल्माच माझ्याकडे येते. मग मी एका बाजूला हात ठेवला, डोळ्याच्या मागे. "मळमळतं? उजेड नको होतो? हललं की वाढतं?" म्हटलं, बादली असते शेजारी. "ही अर्धशिशी. आणि हिला वारा उठवू शकतो, काहींना उठवतोच. पण हिला कमी झोपही उठवते, उपाशी पोटही उठवतं." मी म्हटलं, मग उरलेलं ते सायनसचं, नाकाच्या वर भरल्यासारखं होतं ना. ती हसली. "सायनसचं म्हणून येतात त्यातल्या बहुतेकांची अर्धशिशीच निघते. नाकातून घाण पाणी आणि ताप आहे का? नाही ना? मग सायनसला बिचाऱ्याला सोडा."

आणि मग एकदम गंभीर झाली. म्हणाली, "एक लक्षात ठेवा, घरातल्या सगळ्यांनी. आयुष्यात कधी झालं नाही असं डोकं क्षणात फुटल्यासारखं दुखलं, किंवा दुखण्याबरोबर बोबडी वळली, हात किंवा पाय लुळा पडला, ताप येऊन मान ताठली, पडून डोक्याला मार बसला, तर पडदा पाडून झोपायचं नाही. तडक इस्पितळ." बघा, पडद्याचं तिलासुद्धा माहीत! चारच वर्षं झाली तिला गावात येऊन.

मग तिनं अगदी सहज विचारलं, "गोळ्या किती घेता?" मी म्हटलं, "वारा आला की." आणि तेवढ्यात... तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून माझा नवरा, जो लग्नाच्या दिवशी पाद्रीबुवांनी दोनदा विचारलं तेव्हा कुठे 'हो' म्हणाला, जो गाय व्यायली तरी मान हलवून सांगतो, तो बोलला. "रोज घेते ती. न्याहारीबरोबर. आणि दुपारी. कधी कधी झोपतानाही." इतकी वाक्यं! एका दमात! माझ्याविरुद्ध! मारिसेलनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मग वाऱ्याचं नाव कशाला घेता? हे गोळीचं दुखणं आहे." मला कळेना. "गोळीनं जातं ना ते?" "जातं, आणि गोळी उतरली की गोळीसाठीच परत येतं. आठवड्यात दोनतीन दिवसांहून जास्त दिवस घेत राहिलं, तेही महिनोन् महिने, तर डोकं गोळीला सोकावतं. तुम्ही दुखणं घालवत नव्हता, पोसत होता."

पोसत होते! मी! माझ्या हातानं! तरी धीर करून म्हटलं, "पण मग वारा मला आधी कसा कळायचा? इतकी वर्षं?" ती म्हणाली, "मॅडम, रोजच दुखत असेल तर कधी ना कधी वारा येणारच की." डोकं माझं, पण मला विचारतो कोण.

घरी येताना ट्रकमध्ये मी शब्द बोलले नाही. गेरिट नेहमीच बोलत नाही, त्यामुळे त्याला माझं न बोलणं कळायला सहा मैल लागले. मग तो खाकरला. म्हणाला, "कॉफीचंही सांगायला हवं होतं काय तिला?" कसली कॉफी? "काही नाही... शनिवार-रविवार मी करतो ना कॉफी. ती आपली साधी." साधी म्हणजे? "म्हणजे त्यातलं ते कॅफिन काढून घेतलेली. माझ्या छातीसाठी डॉक्टरनं दिलीय ना. दोन डबे कशाला म्हणून तुलाही तीच." कधीपासून? तर तो बाहेरच्या कुंपणाकडे बघायला लागला. मी दवाखान्यात फोन केला, मारिसेल म्हणाली, "होय तर, आठवडाभर कडक कॉफी पिऊन दोन दिवस एकदम बंद केली की डोकं दुखतंच." आता रविवारी काय असतं? चर्च. प्रवचन सुरू झालं की बाकावरून पेपरमिंटची पुडी फिरते, माझं पेपरमिंट चघळून संपायच्या आत डोक्यात घण पडायला लागायचे. मी आयुष्यभर पाद्रीबुवांना दोष दिला! दोन पाद्री बदलून गेले, मी दोघांबद्दलही समितीकडे तक्रार केली होती, की प्रवचन जड होतं म्हणून. आणि जड काय होतं, गेरिटची हलकी कॉफी. डोकं माझं, पण मला विचारतो कोण.

गोळ्या सोडल्या. मारिसेलनं रात्रीचं दुसरं औषध दिलं आणि बजावलं, आधी वाढेल, मग उतरेल, मधे कच खाऊ नका. वाढेल म्हणजे काय वाढलं... विचारू नका. फ्रिजचा आवाज ऐकून मी रडले. गेरिटनं टोस्ट चावला तर मी त्याला अंगणात पाठवलं, बर्फात, टोस्टसकट. पण त्याचं एक सांगते, तो गेला. आणि आत आला तेव्हा माझ्यासाठी खरी कॉफी करून आणली, रोज एकाच वेळी, एकाच मापाची. मग एका सकाळी उठले आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. घर तेच, उशी तीच. दुखणं नव्हतं. कपाळ दाबून बघितलं, मान हलवून बघितली, खिडकीतल्या उन्हाकडे टक लावून बघितलं. काही नाही. बाई, मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. आणि मागोमाग मनात आलं, की आता मी कोण?

म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. मारिसेल सांगणार नाही, तिला बंधन आहे. गेरिट सांगणार नाही, त्याला माझी भीती आहे. पडदा मात्र वर. खाली ओढायचं कारणच उरलं नव्हतं.

आणि आली स्पर्धा. यंदा तर विशेष, दगड शेजारच्या गावच्या क्लबातून मागून आणलेले, ग्रॅनाइटचे, पॉलिश केलेले, लॉइडनं स्वतः जाऊन 'जिवापाड जपू' असा शब्द देऊन. शनिवारी खेळ रंगला, अंतिम सामना रविवारी चर्चनंतर. आता दगड रात्री आत ठेवायचे की बर्फावरच राहू द्यायचे? लॉइडनं सरळ माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनी बघितलं. झाडू थांबले. "व्हर्ना, डोकं?" मी सांगू शकले असते ना. बाबांनो, मी बरी झालेय, आता आपलं आपण बघा, मान वर करून बघा, पश्चिमेला आख्खी कमान उभी आहे आकाशात, या टोकापासून त्या टोकापर्यंत! पण ती मीही नव्हती बघितली. तिथं इतकी माणसं, एकानं नव्हती बघितली. वर बघायची सवयच गेलेली आमची. आणि प्रश्न डोक्याचा होता, तर मी डोक्याचं सांगितलं. "काचेसारखं स्वच्छ." टाळ्या पडल्या हो. दगड काठाजवळ बर्फावर रांगेत ठेवून सगळे घरी गेले.

वारा रात्रभर वाहिला. मला कळलंसुद्धा नाही, मी वर्षानुवर्षांत झोपले नव्हते अशी झोपले. सकाळी चर्चला निघालो तर कोट नको इतकी ऊब, आणि तळ्यावर घोटाभर पाणी. काठाचा बर्फ खचलेला, बाकं तिरकी, स्पर्धेचा फलक तरंगतोय, आणि दगड... एक दिसेना. कुणाला इजा नाही, देवाची कृपा. पण परक्या गावचे दगड तळाशी गाळात, आणि काठावर आमचं आख्खं गाव, अर्ध्या बाह्यांत, माझ्याकडे बघत.

डार्लीन पुढे आली. "तुझा पडदा वर होता, व्हर्ना." मी खून केल्यासारखं म्हणाली. मग मी सांगितलं, तिथंच, की मी बरी झालेय. गोळ्या सोडल्या, आता दुखत नाही. मला वाटलं, निदान एखादी तरी म्हणेल, बरं झालं बाई, फार सोसलंस. लॉइड झाडू उलटा धरून गाळात दगड चाचपायला लागला.

सोमवारी को-ऑपमध्ये गेले, टोप्या वळल्या नाहीत. लॉइड मात्र उठून जवळ आला, टोपी हातात, आवाज मवाळ. "व्हर्ना, रागावू नकोस. मी काय म्हणतो... त्या गोळ्या पूर्णच सोडायला हव्यात का? थोड्या घे. फक्त फेब्रुवारीपुरत्या. गावासाठी." म्हणजे काय म्हणाला तो, समजलं ना तुम्हाला? दुखू दे म्हणाला. मी घरी आले, गेरिटला सांगितलं, म्हटलं आता तरी हा माणूस उठेल आणि लॉइडच्या नाकावर ठोसा देईल. गेरिटनं खूप विचार केला. म्हणाला, "मार्चमध्येही बरं पडेल खरं. वासरं होतात तेव्हा हवा आधी कळलेली बरी." त्या दिवशी मी ट्रकमध्ये बसून रडले. खरं सांगते, अर्धशिशीनं कधी इतकं दुखलं नव्हतं. ज्याला आपण माया समजत होतो ते नुसतं हवामान विचारणं होतं, आणि हे इतकी वर्षं मला ठाऊक होतं, नुसतं उच्चारलं नव्हतं. डोकं माझं, पण मला विचारतो कोण.

गावाचं काय अडलं म्हणता? पंधरा दिवसांत सोय झाली. चर्चनंतर बघते तर विल्माभोवती घोळका. माझी नणंद विल्मा, जिचं आयुष्यात काही दुखलं नाही! "विल्मा, गुडघा कसा आहे?" "काल संध्याकाळपासून कुरकुरतोय." की लॉइडनं टोपी चढवली. तिला खुर्ची दिली, उशी दिली, डार्लीननं केक कापून दिला, कडेचा नाही, मधला. माझा जळफळाट झाला, का नको? पण परवा ती माझ्याकडे आली. मी टेबलाखाली गेले नाही, दार उघडलं. बसली, गुडघ्यावर हात ठेवून, आणि पहिल्यांदा मला तिचा चेहरा खरा दिसला. रात्र रात्र झोपत नाही म्हणाली. इस्पितळातून बोलावणं आलंय, गुडघा बदलायचा, लगेच या म्हणतात, साफ बरा होईल. "पण लॉइड म्हणतो घाई कशाला. डार्लीन म्हणते घाई कशाला. माझा सख्खा भाऊ गेरिट म्हणतो घाई कशाला. व्हर्ना, तुला ठाऊक आहे ना दुखणं काय असतं. तू तरी खरं सांग, करू ना ऑपरेशन?"

मी तिचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. सगळं तोंडावर आलं होतं, की बाई, जा, आत्ता जा, ही माणसं तुझी नाहीत. आणि मागे दोरीवर माझ्या चादरी वाळत होत्या, बुधवारी मला लेथब्रिज शहरात घाटातून गाडी घेऊन जायचं होतं, आणि आता माझं डोकं तर काहीच सांगत नाही...

मी म्हटलं, "विल्मा, वासरं होऊन जाऊ देत ना."